पितृत्वाची डीएनए चाचणी: खासगीत करावी की कोर्टामार्फत?

तंत्र दोन्हीकडे एकच आहे. गालाच्या आतून बोळा फिरवून किंवा रक्त घेऊन नमुना काढतात. फरक पडतो तो हा नमुना नेमका कोणाचा, हे सिद्ध करताना.

खासगी चाचणीचा संच घरी येतो. बोळा फिरवण्याआधी अर्धा तास काही खाऊ नका. बोळा सावलीत पूर्ण वाळवा आणि कागदी पाकिटातच ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल राहून नमुना सडतो. मनाची खात्री करायला हे पुरेसं आहे. मात्र पोटगी किंवा वारसाहक्काच्या दाव्यात समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारेल: बोळा कोणाच्या तोंडातला होता?

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयामार्फत गेलात, तर ओळख पटवून नमुना सीलबंद होतो, म्हणून अहवाल टिकतो. पण अर्ज केला की आदेश मिळतोच असं नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 116 नुसार लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर आई अविवाहित असताना 280 दिवसांत जन्मलेलं मूल औरस, म्हणजे त्या नवऱ्याचंच, धरतात. हे खोडायचं तर गर्भ राहिला असेल त्या काळात पती-पत्नीचा संपर्क शक्यच नव्हता, हे आधी दाखवावं लागतं. नुसता संशय चालत नाही, आणि ते योग्यच आहे. डाग लेकराच्या माथी लागतो.

तरी 2014 मध्ये एका प्रकरणात नागपूरच्या प्रयोगशाळेनंतर हैदराबादलाही फेरतपासणी झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने औरस धरण्याच्या या गृहीतकापेक्षा डीएनए अहवाल मोठा मानला.

पोटगीसाठी मूल अनौरस असलं तरी हक्क असतो. दावा लावायचा असेल, तर खासगी चाचणीवर पैसे घालवू नका.