वेगासला राहायचं कुठे? स्ट्रिपवर की समरलिन-हेंडरसनकडच्या कॅसिनो रिसॉर्टमध्ये

आई-बाबा भारतातून आलेत, बरोबर मुलं आहेत, वेगास दाखवायचंय, आणि बुकिंगला बसलं की एकीकडे स्ट्रिपवरची, म्हणजे मोठमोठी कॅसिनो-हॉटेलं असलेल्या मुख्य रस्त्यावरची, प्रसिद्ध हॉटेलं दिसतात आणि दुसरीकडे समरलिन नाहीतर हेंडरसन या उपनगरांकडचं मोठ्ठं कॅसिनो रिसॉर्ट, फोटो एकदम चकाचक, स्विमिंग पूल भलामोठा, पार्किंग फुकट आणि रेटही कमी. आम्ही हे दुसरं घेतलं आणि मन खट्टू करून परत आलो. पण म्हणून ते सगळ्यांसाठीच वाईट असं नाही, काही जणांना तेच बरं पडेल, म्हणून दोन्ही समोरासमोर ठेवून लिहितेय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, हे उपनगरातले कॅसिनो मुळात तुमच्या-माझ्यासारख्या पाहुण्यांसाठी नाहीतच. वेगास आणि आजूबाजूला मिळून वीस लाखांच्या वर लोक राहतात, ते संध्याकाळी कामावरून सुटले की इथे येतात, म्हणून आत सिनेमा थिएटर, बोलिंग, बिंगो, चार-सहा खायच्या जागा आणि मधोमध स्लॉट मशीनचा महासागर. शिवाय वस्तीजवळ कुठेही कॅसिनो उघडू नयेत म्हणून १९९७ साली नेवाडात कायदा झाला, त्यामुळे ठरावीक जागीच एखादा मोठा कॅसिनो, आणि त्याच्या चहूबाजूला घरं, सहा पदरी रस्ते, शॉपिंग सेंटर. पायी बाहेर पडून बघण्यासारखं काहीच नाही. स्ट्रिपवर उलटं आहे, तिथल्या मोठ्या रिसॉर्टची निम्म्याहून जास्त कमाई जुगाराबाहेरची, म्हणजे खोल्या, खाणंपिणं, शो यातली असते, त्यामुळे राहायला आलेला माणूस हेच त्यांचं गिऱ्हाईक. उपनगरात मात्र राहणाऱ्याकडे लक्ष दुय्यम, हे आम्हाला पदोपदी जाणवलं.

म्हणजे काय झालं ते सांगते. चेक-इनची वेळ उलटून गेली तरी खोली तयार नाही, रिसेप्शनला दोनच माणसं, आणि आई-बाबांना बसायला जागा कुठे तर स्लॉट मशीनच्या शेजारी, सिगरेटच्या धुरात. खोली मिळाल्यावर खोली छान होती हे कबूल, पलंग उत्तम, बाथरूम मोठं, पण कॉरिडॉरमध्येसुद्धा तो वास येत होता आणि बाबांना दम्याचा त्रास, त्यांचा पहिला दिवस त्यातच गेला. मुलं ज्या पूलसाठी नाचत होती तो दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी खाजगी कार्यक्रमासाठी दुपारनंतर बंद. रिसॉर्ट फी, म्हणजे खोलीच्या भाड्यावर लागणारी सक्तीची रक्कम, मात्र पूर्ण लावली, ज्यात पूल धरलेला असतो. मॅनेजर गोड बोलला, सॉरी म्हणाला, फी काही कमी केली नाही. आणि वीकेंडला सगळं गाव तिथे जेवायला आल्यावर हॉटेलात राहणाऱ्यांनाही रेस्टॉरंटबाहेर तासभर ताटकळावं लागलं, लहान मूल भुकेनं रडतंय आणि बाहेर चालत जाऊन खावं म्हटलं तर जवळ काही नाही.

धुराचं मुद्दाम जास्त लिहिते कारण भारतातून येणाऱ्यांना हे माहीत नसतं. नेवाडात २००६ साली मतदान होऊन बंद जागेत सिगरेट ओढायला बरीच बंदी आली पण कॅसिनोचा जुगाराचा मजला त्यातून वगळलाय. हे स्ट्रिपवरही तसंच आहे हां, तिथेही धूर असतो, पण तिथे पर्याय आहेत. पार्क एमजीएम २०२० पासून आख्खं धूरमुक्त आहे, कॅसिनोसकट. आणि मुलांचं असं की २१ वर्षांखालच्यांना जुगाराच्या मजल्यावरून नुसतं चालत जाता येतं, थांबता येत नाही. आता चार वर्षांचं पोर लुकलुकणारं मशीन दिसलं की थांबणारच ना, की लगेच सिक्युरिटीवाला येऊन पुढे चला म्हणतो. बिचारा त्याचं काम करतो, पण आमच्या इथे लिफ्ट, पूल, जेवण, पार्किंग सगळ्याला त्याच मजल्यावरून जावं लागायचं.

पैशाचं बघू. आधी साइटवर रेट एक दिसायचा आणि रिसॉर्ट फी शेवटी कुठेतरी चिकटवलेली असायची, पण १२ मे २०२५ पासून अमेरिकेत हॉटेलांना अशी सक्तीची फी धरूनच किंमत दाखवावी लागते, त्यामुळे आता दोन हॉटेलांची तुलना सरळ करता येते. त्यात उपनगर स्वस्तच दिसेल. स्ट्रिपवर बऱ्याच ठिकाणी पार्किंगचे रोजचे पैसे आणि तेही थोडेथोडके नाहीत, उपनगरात पार्किंग सहसा फुकट. पण त्या किमतीत उबर नसतं. आम्ही सहा जण म्हणजे मोठी गाडी लागणार, जायचे वेगळे, यायचे वेगळे, आणि शो सुटायच्या वेळी भाव चढलेला, दोन-तीन फेऱ्यांत वाचलेले पैसे सगळे गेले. स्वतःची गाडी असेल तर हिशोब बदलतो, पण मग स्ट्रिपवर जाऊन पार्किंगचे पैसे भरायचेच.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दुपार. जून-जुलैत वेगासला पारा ४० च्या वर जातो, म्हातारी माणसं आणि मुलं घेऊन दुपारी फिरणं शक्यच नाही, सकाळी थोडं फिरायचं, दुपारी खोलीत आडवं व्हायचं आणि सूर्य मावळल्यावर परत निघायचं हेच खरं वेगास. खोली स्ट्रिपवर असेल तर हे आपोआप होतं, आईला कंटाळा आला तर ती एकटीसुद्धा वर जाऊन झोपू शकते. समरलिनहून रिकाम्या रस्त्याला वीस-पंचवीस मिनिटं, गर्दीत त्याहून जास्त, मग पार्किंगच्या इमारतीतून चालत बाहेर यायचं, हे दिवसातून दोनदा कोण करणार? आम्ही एकदाच जायचो आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर थकवा दिसायला लागला की परत फिरायचो. स्ट्रिपवरच्या बेलाजिओ हॉटेलची कारंजी, जी फुकट आहेत आणि रात्री बघायची असतात, ती बाबांनी नीट बघितलीच नाहीत याचं मला अजून वाईट वाटतं.

स्ट्रिपचा त्रासही सांगायला हवा. समोर दिसणारं हॉटेल चालायला लागलं की संपता संपत नाही, रस्ता ओलांडायला पूल चढायचे-उतरायचे, सरकते जिने कधी बंद असतात. मोनोरेल आहे पण ती पूर्वेकडच्या हॉटेलांच्या मागून जाते आणि एअरपोर्टला जात नाही. ड्यूस नावाची डबल डेकर बस चोवीस तास असते. बेलाजिओ ते पार्क एमजीएम आणि मँडले बे ते एक्सकॅलिबर अशा फुकट ट्राम आहेत, ज्येष्ठांबरोबर असाल तर त्या रुळांजवळचंच हॉटेल बघा. मिनीबारला सेन्सर असतात, नुसती वस्तू हलवली तरी बिलात येऊ शकतं, मुलांना आधीच सांगून ठेवा. इन्सुलिन वगैरे असेल तर वेगळा फ्रिज मागून घ्या.

मग उपनगर कोणी घ्यावं? ज्यांचं वेगास आधी बघून झालंय, हातात गाडी आहे आणि डोंगर-दऱ्या बघायच्यात त्यांनी जरूर घ्यावं. रेड रॉक कॅनियन समरलिनला अगदी लागून आहे, तिथला १३ मैलांचा एकेरी रस्ता सकाळी लवकर करायला काय सुख आहे! ऑक्टोबर ते मे मध्ये वेळेचं रिझर्व्हेशन लागतं तेवढं आधी करा. हूवर डॅमला जायचं तर हेंडरसन वाटेवरच आहे. दिवसभर बाहेर आणि रात्री नुसतं झोपायला यायचं असेल तर फुकट पार्किंग आणि जवळची किराणा दुकानं यांचा खरंच फायदा होतो.

पण पहिल्यांदाच येणारे आई-बाबा आणि बरोबर मुलं असतील तर मी दोन्हीपेक्षा तिसरंच सांगेन, स्ट्रिपलगतचं पण कॅसिनो नसलेलं हॉटेल. व्हदारा किंवा एमजीएम ग्रँड हॉटेलच्या मागचे सिग्नेचर टॉवर्स, दोन्हीकडे कॅसिनो नाही, धूम्रपान नाही, स्वीटमध्ये छोटं किचन असतं, म्हणजे बाबांचा सकाळचा चहा आणि लहानग्याचं गरम दूध खोलीतच. स्ट्रिपवरच्या कितीतरी महागड्या खोल्यांत साधी किटलीसुद्धा नसते. व्हदाराहून बेलाजिओ चालत जाता येतं आणि ट्राम तिथूनच.

कुठलंही घ्या, पण शक्यतो रविवार ते गुरुवार बघा, शुक्रवार-शनिवारी तीच खोली दुप्पटसुद्धा होते, आणि जानेवारीतलं सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन आणि नोव्हेंबरमधली फॉर्म्युला वनची शर्यत या तारखा टाळा. उपनगरातलंच ठरलं तर पैसे भरायच्या आधी हॉटेलला फोन करून विचारा की त्या तारखांना पूल किती वाजेपर्यंत उघडा आहे, खाजगी कार्यक्रम आहे का, आणि पार्किंगपासून लिफ्टपर्यंत कॅसिनोच्या मजल्यावरून न जाता रस्ता आहे का.