जुना वोंका की नवा? सुट्टीत मुलांना कोणता दाखवावा

मे महिन्यात इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरी नणंदेची आणि जावेची मिळून सहा मुलं जमतात. दुपारी उन्हात पाय ठेववत नाही, मग पडदे ओढायचे, कूलर लावायचा आणि सिनेमा बघायचा. यंदा एकच गोष्ट दोनदा पाहिली : १९७१ चा ‘विली वोंका अँड द चॉकलेट फॅक्टरी’ आणि २००५ चा ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’. शेजारच्या काकूंनी विचारलं, नातवंडं येताहेत, त्यांना कोणता लावू? त्यांच्यासाठी आणि अशाच विचारात असलेल्यांसाठी हे लिहितेय.

गोष्ट दोन्हीकडे तीच आहे. गरीब चार्ली, चॉकलेटच्या वेष्टनांत लपवलेली, कारखाना आतून बघू देणारी पाच सोनेरी तिकिटं, विली वोंका या मालकाचा चॉकलेटचा अजब कारखाना आणि आपल्याच गुणांनी एकेक करून बाहेर पडणारी हावरट, लाडावलेली पोरं. मूळ पुस्तक रोआल्ड डाल यांचं, १९६४ सालचं. नव्याचा दिग्दर्शक टिम बर्टन, त्यानं जुन्या सिनेमापेक्षा या पुस्तकाचा माग धरलाय, म्हणून ‘रिमेक’ हा शब्द इथे जरा सैलच लागतो.

नव्यातलं मला सगळ्यात आवडलं ते चार्लीचं घर. जुन्यात त्याला वडीलच नाहीत. नव्यात आहेत, आणि ते टूथपेस्टच्या कारखान्यात ट्यूबना झाकणं लावतात. तिकिटांपायी लोक इतकं चॉकलेट खातात की टूथपेस्टचा खप वाढतो, कारखाना नवं मशीन आणतो आणि वडिलांची नोकरी जाते. एवढ्याशा धाग्यात गरिबी कशी येते ते मुलांना कळतं. तिकीट मिळाल्यावर चार्ली ते विकायला निघतो, घरात पैसे हवेत म्हणून. तेव्हा कुरकुरे आजोबा त्याला समजावतात की पैसे रोज छापले जातात, अशी तिकिटं जगात पाचच आहेत. शेवटी वोंका त्याला कारखाना देऊ करतो, पण घरच्यांना सोडून ये म्हटल्यावर तो कारखानाही नाकारतो. एकाच पलंगावर चार आजी-आजोबा असलेलं ते घर आमच्या मुलांना अजिबात परकं वाटलं नाही.

पाँडिचेरीच्या राजपुत्राचा प्रसंगही नव्यातच आहे. तो अख्खा राजवाडा चॉकलेटचा बांधून घेतो. भिंती उभ्या राहायच्या आतच आमची सहाही मुलं ओरडली, “वितळणार!” बाहेर बेचाळीस डिग्री होतं, त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. अक्रोड फोडणाऱ्या खारींचा प्रसंगही मोठा बहारीचा, त्यासाठी खऱ्या खारी शिकवून तयार केल्या होत्या. आणि कारखान्यातले बुटके कामगार, म्हणजे सगळे उंपा-लुंपा, एकट्या दीप रॉयनं केलेत. तो नैरोबीत जन्मलेला, भारतीय वंशाचा नट.

पण नव्याचा वोंका मला पटला नाही. जॉनी डेपचा पांढराफटक चेहरा, चिरका आवाज, मुलांची शिसारी. आणि तो असा का, हे सांगायला दातांचे डॉक्टर असलेले कडक वडील आणलेत. दर थोड्या वेळानं त्याचं बालपण मध्ये येतं आणि कारखान्याची रंगत तुटते. गाण्यांचे शब्द पुस्तकातलेच आहेत, पण वाद्यांच्या गोंगाटात ते कानात शिरत नाहीत.

जुन्यात वोंका झालेला जीन वाइल्डर पहिल्यांदा दिसतो तो काठी टेकत, लंगडत. गर्दी गप्प होते. काठी फरशीत रुतते, तो पुढे कोसळतो आणि कोलांटी मारून ताठ उभा राहतो. हा प्रवेश त्यानं स्वतः अट घालून मागून घेतला होता, हेतू हा की तिथून पुढे तो खरं बोलतोय की खोटं हे कुणाला कळू नये. मग सिनेमाभर आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. इथे बालपणाचा खुलासा लागतच नाही.

जुन्याचा कस शेवटी लागतो. चार्लीनं आजोबांबरोबर चोरून सरबत प्यायलेलं असतं, वोंका संतापून त्यांना हाकलतो. वोंकानं चार्लीला कधीच न संपणारी एक गोळी दिलेली असते, आजोबा म्हणतात, ती त्याच्या धंद्यातल्या शत्रूला देऊन टाकू. चार्ली मागे वळतो आणि गोळी वोंकाच्या टेबलावर ठेवतो. कूलरच्या घरघरीशिवाय आमच्या खोलीत आवाज नव्हता. चुकलेल्या मुलानं चूक सुधारली, हे नव्यात नाही. तिथला चार्ली पहिल्यापासून इतका गुणी की त्याला घसरायला जागाच नाही.

जुन्याची उणी बाजू म्हणजे कारखान्यात शिरायलाच जवळजवळ पाऊण तास लागतो, आणि बोटीचा बोगदा खरोखर भीतिदायक आहे. आमच्या सहा वर्षांच्या भाचीनं तिथे माझ्या पदरात तोंड खुपसलं. लहान मूल असेल तर तेवढा भाग पुढे सरकवा. नव्यात कारखान्यात शिरताना जळणाऱ्या बाहुल्या आहेत, पण ते लवकर आटोपतं.

काकू, एकच दुपार असेल आणि मुलं सातच्या पुढची असतील तर जुना लावा. अगदी लहानगी असतील तर नवा. दोन्ही दाखवणार असाल तर आधी जुना. आम्ही उलटं केलं, आधी नवा लावला, आणि दुसऱ्या दुपारी कारखान्याचं दार उघडायच्या आत दोघं उठून कॅरमकडे गेली.