रिफंडसाठी फोन लावला आणि २४,९८६ रुपये गेले

आमचा सोलापुरात टॉवेलचा छोटा कारखाना आहे. दिल्लीच्या व्यापाऱ्याला नमुने दाखवायचे म्हणून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो. तिथून संध्याकाळचं विमान होतं. आधी दीड तास उशीर, मग तीन तास, आणि रात्री नऊला रद्द. कारण विचारलं तर ‘ऑपरेशनल’. ‘रिफंड येईल’ म्हणून काउंटरवरच्या मुलीने विषय संपवला. नमुन्यांची बॅग उचलली आणि रात्रीच्या बसने परत आलो.

चूक तिथेच झाली, कारण कंपनी आपलं काय देणं लागते हे मला ठाऊकच नव्हतं. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तासांहून जास्त रखडलं, तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची. ऐनवेळी रद्द झालं, तर दुसरं विमान घ्यायचं की पूर्ण पैसे, हे प्रवाशाने ठरवायचं. वर भरपाईही असते: दोन तासांहून लांबच्या प्रवासाला १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून होईल ती रक्कम, यांपैकी जे कमी ते. हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई नाही. म्हणून तर कारण लेखी मागायला हवं होतं. मी नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधला आणि सगळ्यात वर दिसला तो लावला. माणूस फार अदबीने बोलत होता. पीएनआर घेतला, रिफंड मंजूर झाल्याचं सांगितलं, एक ॲप घ्यायला लावलं. त्या ॲपमधून माझी स्क्रीन त्याला दिसत होती, हे नंतर कळलं. मग म्हणाला, यूपीआय उघडा आणि फाइल नंबर टाका, २४९८६. ती चौकट रकमेची होती. पाठोपाठ पिन टाकला आणि पैसे गेले. पैसे यायला पिन कधीच लागत नाही हो!

घरी सांगायची लाज वाटली, त्यात तीन तास गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला तोवर त्या खात्यातून रक्कम पुढे गेली होती. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी १९३० लावा, घरच्यांना मागाहून सांगा. कंपनीचा नंबर तिकिटावरूनच घ्या. कंपनी दाद देत नसेल, तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते.

तिकिटाचे पैसे सहाव्या दिवशी कार्डावर जमा झाले. त्यासाठी कुणालाच फोन करावा लागला नाही.