पान कोण उलटतं?

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. चित्रपुस्तकाचं वाचन आणि सोबत पूर्ण ऑर्केस्ट्रा, अशी जाहिरात वाचली तेव्हा म्हणूनच पहिला प्रश्न मनात आला तो पानांचा. बहुतेक चित्रपुस्तकं 32 पानांची असतात, कारण छापखान्यातल्या मोठ्या कागदाच्या घड्या त्या हिशेबात बसतात. मुखपृष्ठामागचा मजकूर, शीर्षक वगैरे वजा केलं तर गोष्टीच्या वाट्याला 12 ते 14 जोडपानं येतात. म्हणजे तेवढ्याच वेळा पान उलटणार, आणि गोष्टीतली सगळी उत्कंठा त्या उलटण्यात दडलेली. दार किलकिलं झालं इथं उजवं पान संपवायचं, दारामागे कोण आहे ते पुढच्या पानावर. आम्ही चित्रकार यासाठी महिनोन्महिने डोकं फोडतो. घरी पान आई-बाबा उलटतात, किंवा मूल त्यांचा हात बाजूला सारून स्वतःच उलटतं. सभागृहात ते काम कोण करणार? वाचणारी बाई, वादकांना हातानं इशारे देणारा कंडक्टर, की मागे लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस?

कार्यक्रम चांगला आहे की नाही, हे माझ्या मते याच उत्तरावर ठरतं. पहिल्या भागात ते अचूक सापडलं होतं. दुसऱ्या भागात अर्ध्या वाटेपर्यंत सापडलं नव्हतं, मग अचानक सापडलं. पाच वर्षांची भाची बरोबर होती, तिची मतं अधूनमधून येतीलच.

पहिला भाग होता बाबार हत्तीचा. ज्याँ द ब्रुनॉफचं हे पुस्तक 1931चं. गोष्ट मुळात त्याच्या बायकोनं मुलांना झोपवताना रचून सांगितलेली, मुलांनी ती बापाकडे नेली आणि बाप चित्रकार निघाला. फ्रान्सिस पूलांकनं त्यावर संगीत रचलं तेही एका लहान मुलामुळेच, असं सांगतात. 1940च्या उन्हाळ्यात नातेवाइकांकडे पियानोवर काहीतरी वाजवत बसला होता, तेव्हा घरातल्या एका पोरीनं हे पुस्तक पुढे ठेवलं आणि म्हणाली, हे वाजव. पूलांकची मूळ रचना निवेदक आणि पियानो एवढ्यापुरतीच आहे. ऑर्केस्ट्रासाठी ती 1962मध्ये ज्याँ फ्रांसेनं बसवली. इथं वाजली ती हीच.

आता गंमत बघा. या रचनेत शब्द आणि संगीत सहसा एकमेकांच्या डोक्यावर बसत नाहीत. आधी चार वाक्यं वाचायची, मग वाद्यांनी बोलायचं, मग पुन्हा वाक्यं. वाचून झाल्यावर मूल चित्राकडे बघत राहतं ना, तो वेळ पूलांकनं संगीतासाठी राखून ठेवला आहे. आणि या मंडळींनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. वाचणाऱ्या बाईंच्या हातात खरंखुरं पुस्तक होतं, कागदांची फाइल नव्हती. संगीत संपत आलं की त्या पानाचा कोपरा उचलायच्या, कंडक्टरचं लक्ष त्या हाताकडे, आणि पान पडलं की मागच्या पडद्यावरचं चित्र बदलायचं. पान त्याच उलटत होत्या आणि सत्तर-ऐंशी माणसं त्या एका हातासाठी थांबत होती.

शिकारी हत्तिणीला गोळी घालतो, तिथं या पद्धतीचा खरा कस लागला. बाबार आईच्या पाठीवर बसलेला, झुडपाआड शिकारी. हा प्रसंग गोष्टीत इतक्या लवकर येतो की बरेच पालक घरी तो गाळूनच वाचतात. इथं गाळला नाही. बाईंनी वाक्य अगदी साध्या आवाजात वाचलं, नाटकी कापरं वगैरे काही नाही, आणि पान तसंच धरून ठेवलं. संगीत संपलं तरी धरून ठेवलं. भाचीनं माझ्या कानात विचारलं, ‘मावशी, आता त्याला पाठीवर कोण घेणार?’ आजूबाजूलाही कुजबुज चालू होती. मुलांचे प्रश्न विचारून होईपर्यंत त्या थांबल्या, मगच पान उलटलं. ऑर्केस्ट्रा जिवंत असण्याचा फायदा तो हाच. सिनेमाला जिवंत ऑर्केस्ट्रा लावतात तेव्हा चित्र ठरलेल्या वेगानं पुढे जातं आणि कंडक्टरला कानात टिकटिक घेऊन त्याच्यामागे धावावं लागतं. पुस्तकाला स्वतःचा वेग नसतो. सभागृहातली दोनशे मुलं गोंधळली असतील तर अख्खा वाद्यवृंद दहा सेकंद हात खाली करून बसू शकतो. ही सोय कार्यक्रम करणाऱ्या सगळ्यांनाच उमगते असं नाही.

पुढचा भाग हलकाफुलका. शहरातल्या म्हाताऱ्या बाई, कपड्यांची खरेदी, मोटारीची सैर. इथं फ्रांसेची वाद्ययोजना भलतीच खट्याळ वाटली आणि ट्यूबावाल्याला उठून उभं राहायला लावलं ते बरं केलं. नाहीतर मागच्या रांगेतला तो पितळी आवाज कुठून येतो हे मुलांना कळत नाही. म्हातारा राजा विषारी अळंबं खाऊन मरतो, बाबार राजा होतो, सेलेस्त नावाच्या हत्तिणीशी लग्न करतो. शेवटी रात्रीचं संगीत आहे, लांबलचक आणि मंद. मुलं थोडी चुळबुळली. मला आवडलं.

मध्यंतरानंतर नवीन पुस्तक. ते अजून छापून यायचं आहे आणि नाव बाहेर सांगू नका अशी विनंती होती, म्हणून एवढंच सांगते: आजीनं दिलेली छत्री वाऱ्यानं उडते आणि मुलगी तिच्यामागे घराबाहेर पडते. चित्रं पाण्याच्या रंगांतली, मोकळी, सुंदर. संगीत खास या पुस्तकासाठी रचलेलं.

सुरुवातीला निराशाच झाली. चित्रात पाऊस, तर व्हायोलिनवर टपटप. मांजर आली की क्लॅरिनेट. मुलगी घसरली की ट्रॉम्बोन वरून खाली ओघळतो. सिनेमावाले याला मिकी माउसिंग म्हणतात. कार्टूनमध्ये ते खपून जातं, कारण तिथं सगळं हलत असतं. स्थिर चित्राला अशी साथ दिली की जे डोळ्यांना दिसलंच आहे तेच कानात पुन्हा ओरडून सांगितल्यासारखं होतं. मांजरीला क्लॅरिनेट ही वाट तर रशियन संगीतकार प्रोकोफिएवनं 1936मध्येच ‘पीटर आणि लांडगा’मध्ये घालून दिलेली आहे. त्यात पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, आजोबांना बसून नावाचं जाड आवाजाचं वाद्य, लांडग्याला तीन फ्रेंच हॉर्न. पण त्यानं ती रचना कुठल्या चित्रपुस्तकावर बेतली नव्हती. मुलांनी वाद्यं ओळखावीत या हेतूनं मॉस्कोतल्या मुलांच्या रंगभूमीसाठी ती केली होती. लांडगा डोळ्यांसमोर नव्हता, म्हणून तो हॉर्ननं उभा करायचा होता. इथं मांजर चित्रकारानं आधीच काढून ठेवली आहे, आणि छान काढली आहे. तिला पुन्हा कशाला काढायची?

दुसरी अडचण ऐकू येण्याची. इथं शब्द संगीताच्या वर ठेवले होते आणि खाली चेलो, डबल बेस, ट्रॉम्बोन यांची दाट गादी. साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं, भरात आलेला ऑर्केस्ट्रा सहज 90च्या वर जातो. त्यात खालचे जाड स्वर बोलण्यातल्या बारीक व्यंजनांना झाकून टाकतात. मग ध्वनिवाल्यानं माइक चढवला, बाईंचा तोच समजूतदार आवाज लाउडस्पीकरवरच्या घोषणेसारखा वाटायला लागला, आणि तरीही निम्मी वाक्यं हरवली. भाचीनं दोनदा ‘काय म्हणाल्या?’ विचारलं आणि मग विचारणं सोडून दिलं. ही चूक ना वाचणाऱ्या बाईंची, ना वादकांची. स्वरलिपीतच बोलण्यासाठी जागा ठेवायला हवी होती.

पानाचं काय? दुसऱ्या भागात पान कंडक्टरच्या इशाऱ्यावर बदलत होतं. संगीत न थांबता पुढे चाललेलं, त्यामुळे बाईंना त्याच्या मापात वाचावं लागत होतं. भरीत भर म्हणून पडद्यावर चित्र अखंड दाखवत नव्हते. कॅमेरा त्याच्यावरून फिरायचा, आधी छत्री, मग मुलीचा चेहरा, मग खिडकी. माझा जीव तुटला. लहान मूल चित्राच्या मध्यापासून वाचत नाही. बाबारच्या वेळी पूर्ण पान समोर होतं आणि भाचीला शिकाऱ्याच्याही आधी माकड सापडलं होतं. आधी काय बघायचं हे कॅमेऱ्यानं ठरवलं की मुलाच्या हाती फक्त बघत बसणं उरतं.

आणि मग ती बिनशब्दांची पानं आली.

सलग तीन जोडपानं, एकही अक्षर नाही. कॅमेरा थांबला, देव पावला. मोकळं माळरान, मुलगी पाठमोरी, छत्री कुठेच दिसत नाही. मला वाटलं होतं आता वादळ वाजणार. पण सगळे वादक गप्प झाले आणि एकटा हॉर्न अगदी पहिल्या पानावरची, आजी छत्री देते तेव्हाची चाल वाजवायला लागला. तीही अर्धीच, शेवटचे स्वर गाळून. पुढच्या पानावर व्हायोलांनी, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या बहिणींनी, ती उचलली, तिथंही अर्धी. चित्रात आजी नाही, शब्द तर नाहीतच. शेजारून आवाज आला, ‘तिला आजीची आठवण येतेय.’ चित्रकार म्हणून सांगते, हे मला कागदावर दाखवायचं झालं असतं तर मी ढगात आजीचा चेहरा काढण्याच्या मोहात पडले असते, आणि सगळं वाया गेलं असतं. या तीन पानांसाठी संगीतकाराला मागचं सगळं माफ. याच अंदाजानं त्यानं सुरुवातीची पानं पुन्हा लिहून काढावीत, एवढं मात्र मनापासून वाटतं.

आयोजकांबद्दल एक तक्रार. हातात मिळालेल्या पुस्तिकेत कंडक्टरची कारकीर्द पानभर, पूलांकवर परिच्छेद, फ्रांसेचंही नाव. ज्यानं हत्ती काढला त्या ब्रुनॉफचं नाव कुठेही नाही. पडद्यावर त्याची चित्रं पाऊण तास (खरं म्हणजे अर्ध्या तासाच्या आसपास, पण राग आला की घड्याळ पुढे पळतं) आणि श्रेय शून्य. संगीतकार डेब्यूसीनं 1913मध्ये ‘खेळण्यांची पेटी’ रचली ती चित्रकार आंद्रे एलेच्या कल्पनेवर, आणि पियानोची संगीतपुस्तिका निघाली ती एलेच्या रंगीत चित्रांसकट. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जे सुचलं ते आज एका ओळीत छापायला काय हरकत होती?

जाणार असाल तर काही गोष्टी. चार वर्षांखालच्या मुलांना दोन्ही भाग झेपणार नाहीत. बाबार आधी घरी वाचून न्या, शिकारीच्या पानासकट, म्हणजे तो धक्का पहिल्यांदा तिथं अंधारात बसणार नाही. नवीन पुस्तकाबद्दल मात्र काही सांगू नका. अगदी पुढच्या रांगा टाळा. तिथून पडद्यासाठी मान मोडते आणि व्हायोलिनवाल्यांच्या मागे बसलेले बासरी, ओबो, क्लॅरिनेटवाले मुळीच दिसत नाहीत. बाल्कनी असेल तर तिची पहिली रांग उत्तम, तिथून पुस्तक धरलेला हातही दिसतो. मोठ्या आवाजाला बिचकणारं मूल असेल तर कानांवर घालायचे मऊ हेडफोन जवळ ठेवा, ट्रॉम्बोन आणि टिंपनी (मोठे नगारे) दुसऱ्या भागात जोरात आहेत. आणि मध्यंतरात घरी जायची घाई करू नका. आमच्या पुढच्या रांगेतलं कुटुंब छत्रीच्या गोष्टीतली पहिली चार-पाच पानं ऐकून उठून गेलं. मी त्यांना दोष देणार नाही, तोपर्यंत वाजलेलं संगीत उठून जाण्यासारखंच होतं. हॉर्नवाला वाजवायला लागला तेव्हा ती सगळी पार्किंगमध्ये पोहोचली असणार.