पाच पासपोर्ट, एक पाऊच

घरात पासपोर्ट पाच: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. इतकी वर्षं ते रबरबँड लावून माझ्या पर्समध्ये असायचे आणि प्रत्येक काउंटरवर मी ते पत्त्यांसारखे पिसत बसायचे. त्याला कंटाळून हे सहा कप्प्यांचं पाऊच घेतलं. दोन परदेशवाऱ्या झाल्या, आता लिहिते.

यातली सर्वांत कामाची गोष्ट जाहिरातीत कुठेच नाही. प्रत्येक कप्प्यावर एक चिठ्ठी सरकवायची सोय आहे आणि त्या चिठ्ठीवर दोनच रकाने: नाव आणि मुदत. निघायच्या तीन महिने आधी हौसेने लिहायला बसले आणि धाकटीच्या चिठ्ठीवर हात थांबला. पोहोचायच्या दिवशी तिच्या पासपोर्टची मुदत जेमतेम पाच महिने उरत होती. बरेच देश सहा महिने मागतात. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकच व्हिसा चालणारा गट) तिथून निघाल्यानंतरचे तीन महिने लागतात, शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतलाच हवा. मोठ्यांचा पासपोर्ट बहुधा दहा वर्षांचा, मुलांचा अनेक ठिकाणी पाचच. सगळ्यांचे एकाच दिवशी काढले तरी संपतात वेगवेगळे. तिचा नवा करून घेतला. पाऊचचे पैसे तिथेच वसूल झाले.

कप्पे अगदी मापाचे, म्हणजे 125 बाय 88 मिलिमीटरच्या पुस्तिकेपुरतेच. कव्हर घातलेला पासपोर्ट आत जात नाही. आधी वैतागले, मग कव्हरंच काढून टाकली. नाहीतरी फोटोच्या पानाखालच्या 44-44 अक्षरांच्या दोन ओळी यंत्रात वाचायच्या असल्या की काउंटरवरची माणसं 'कव्हर काढा' म्हणतातच.

पासपोर्टातल्या चिपमधली माहिती कोणी लांबून चोरून वाचू नये म्हणून पाऊचला धातूचं अस्तर आहे. 'चिपचोरीपासून संरक्षण' हा जाहिरातीतला दावा मात्र मला पटलेला नाही. चिप वाचायला लागणारी किल्ली याच दोन ओळींतून बनते: पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, मुदत. मिटलेल्या पासपोर्टशेजारून जाणाऱ्याला ती कुठून मिळणार? त्या धातूच्या अस्तराने पाऊच पुठ्ठ्यासारखं ताठ झालंय, एवढाच त्याचा परिणाम.

खरी तक्रार मागच्या मोठ्या कप्प्याची. तो मऊ प्लास्टिकचा आहे. विम्याचे आणि हॉटेलचे कागद त्यात होते आणि पाऊच दुपारभर गाडीत उन्हात राहिलं. कागद ओढले तर लेझर प्रिंटची अक्षरं प्लास्टिकलाच चिकटलेली! पॉलिसीचा क्रमांक कागदावरून अर्धा पुसलेला आणि कप्प्यावर उलटा उमटलेला. आता कागद आधी साध्या पाकिटात, मग तिथे.

सासूबाईंचं पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड दहा वर्षं उलटली म्हणून मी फेकायलाच काढलं होतं. त्यांनी काही टाकू दिलं नाही, आणि बरोबर त्याच निघाल्या. जुलै 2016 पासून ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, आधी दिलेली जुनी कार्डंसुद्धा. (पहिल्यांदाच लस घेणार असाल तर ती दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात, आदल्या आठवड्यात धावू नका.) कार्ड आता त्यांच्याच कप्प्यात, पासपोर्टमागे.

'एक पाऊच हरवलं की सगळं घर अडकलं,' असं नवरा पहिल्या दिवसापासून म्हणतोय. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. म्हणून सगळ्यांच्या फोटोच्या पानांच्या झेरॉक्स त्याच्या बॅगेत असतात.

सहाव्या कप्प्यात व्हिसाचे फोटो ठेवलेत: 35 बाय 45 चे वेगळे, अमेरिकेला लागणारे 51 बाय 51 चे वेगळे. पेन अडकवायची पट्टी मात्र इतकी अरुंद की तीत फक्त पाऊचसोबत आलेलं पेन बसतं, आणि ते पहिल्याच विमानात शेजारच्यांनी फॉर्म भरायला मागून घेतलं ते परत आलंच नाही.