रिपोर्ट शून्य, पिल्लं जंतांनी भरलेली

महूजवळच्या एका वराहपालकाने आठ आठवड्यांची वीस पिल्लं घेतली. 'जंतमुक्त' म्हणून पिल्लामागे 500 रुपये जास्त मोजले. सोबत लॅबचा रिपोर्ट होता, विष्ठेत अंडी शून्य. रिपोर्ट खरा होता. फसवणूक झाली ती तारखेत. नमुना पिल्लं सहा आठवड्यांची असताना घेतलेला.

डुकराच्या गोलकृमीचं अंडं पोटात गेल्यापासून त्याचा जंत होऊन तो स्वतः अंडी घालेपर्यंत सहा ते आठ आठवडे जातात. मधल्या काळात अळ्या यकृतातून फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशाशी येतात आणि गिळल्या की परत आतड्यात. मग एवढ्या लहान पिल्लाच्या विष्ठेत अंडी दिसणार कशी? तपासायची असते ती आई. तिचा नमुना विकणाऱ्याने मागूनही दिला नाही. सौदा तिथेच मोडायला हवा होता.

आठवड्याभरात पिल्लं ढासू लागली. सर्दी समजून औषधं झाली. चौथ्या आठवड्यात वीतभर लांब, पिवळट पांढरा, दोन्ही टोकांना निमुळता जंत पडला. विकणारा म्हणाला, "तुमच्याच वाड्यात लागण झाली." साफ खोटं. चार आठवड्यांत जंत वीतभर होत नाही. तो पिल्लांबरोबरच आला होता.

विकणाऱ्याच्या डोसच्या कार्डावर लिहिलं होतं: आयव्हरमेक्टिन (जंताचं औषध) 1 टक्का, प्रत्येकी पाव मिली. पिल्लं बारा किलोची. हे गाईचं माप, 50 किलोला 1 मिली. डुकराला 33 किलोला 1 मिली लागतं, म्हणजे इथे 0.36 मिली हवं होतं. कार्डावर वजन आणि बॅच नंबर नसेल तर डोस दिलाच नाही असं धरा.

पिल्लं घेण्याआधी आईची ताजी विष्ठा, दहा ग्रॅम पुरे, झाकणाच्या डबीत बर्फावर ठेवून त्याच दिवशी तपासायला द्या. जमिनीवरची उचलू नका. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा. आईला व्यायच्या एक-दोन आठवडे आधी जंताचं औषध दिलं होतं का आणि साबणाने धुऊन मगच स्वच्छ खणात नेलं होतं का, हेही विकणाऱ्याला विचारा. चिकट अंडी तिच्या सडांना लागलेली असतात, पिल्लं ती दुधाबरोबर गिळतात.

आणलेली पिल्लं मातीत सोडू नका. अंडी मातीत वर्षानुवर्षं जगतात, फिनाइलने मरत नाहीत. सिमेंटच्या खणात ठेवा, विष्ठा रोज उचला, खण रिकामा झाला की घासून उकळतं पाणी ओता.