दिदाखे: पुढाऱ्याला पारखणारं जुनं पुस्तक

संस्था चालवणाऱ्यांनी 'दिदाखे' वाचायलाच हवं. पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा ग्रीक ख्रिस्ती नियमग्रंथ, 16 छोटे अध्याय, तासाभरात वाचून होतो. सगळ्यात कामाचा 11वा. फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दुसरा. तिसऱ्या दिवशीही मुक्काम ठोकला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्यायची, पैसे मागितले तर तोही खोटा. पण दुसऱ्या गरजूंसाठी मागत असेल तर त्याला दोष लावायचा नाही. ही बारीक अट फार मोलाची! घाईने वाचणारे नेमकी तीच विसरतात आणि वर्गणी मागणाऱ्या प्रत्येकावर संशय घेतात.

15व्यात पदाधिकारी निवडायचे निकष आहेत: सौम्य, निर्लोभी, सच्चे, पारखलेले. निवडलेला बिघडला तर त्याला पायउतार कसं करायचं, हे मात्र दिलेलं नाही. तो नियम संस्थेच्या घटनेत वेगळा लिहून घ्यावा.